वीस मिनिटांचा हिशेब: लहान लेकरांसह घरच्यांचं फोटोसेशन कसं आखावं

थोरला सव्वा वर्षाचा असताना आम्ही चौदा माणसं तीन गाड्यांत भरून बेळगावजवळच्या राजहंसगडावर फोटो काढायला गेलो होतो. एप्रिलमधला रविवार. निघायचं ठरलं होतं सकाळी आठला; वन्संच्या साडीला फॉल नाही हे ऐनवेळी कळलं आणि निघालो साडेदहाला. येळ्ळूर यायच्या आत पोर गाडीत झोपलं. वर गेल्यावर त्याला उठवलं, डोक्याला फेटा गुंडाळला, आणि त्यानं जो भोंगा लावला तो गड उतरून उसाचा रस मिळेपर्यंत. फोटो तीनशे निघाले. डोळे कोरडे असलेला एकही नाही.

त्यानंतर धाकटीची, जावेच्या जुळ्यांची, माहेरच्या भाचरांची अशी सहा-सात फोटोसेशनं मी आखली आणि एक हिशेब मनात पक्का बसला. पाच वर्षांखालचं मूल कॅमेऱ्याला मनापासून वीस मिनिटं देतं. दीड-दोन वर्षांचं असेल तर पंधराच धरा. पैसे दोन तासांचे भरा नाहीतर अख्ख्या दिवसाचे, मुलाकडून मिळतात ती वीस मिनिटंच. खाली जे सांगतेय ते सगळं ती हातची जाऊ नयेत म्हणून.

फोटो कुठल्या भिंतीवर लागणार?

बहुतेक घरांत तयारी साड्यांपासून सुरू होते. ती भिंतीपासून करा. आमचं सासर खानापूर तालुक्यातलं, जुनं कौलारू घर. सोप्यात, म्हणजे पुढच्या दालनात, दार आणि कॅलेंडर यांच्यामधे अडीच-तीन फूट जागा रिकामी होती. सासूबाईंना तिथं सगळ्यांचा एक आडवा फोटो हवा होता. नवऱ्याला त्याच्या वडिलांच्या मांडीवर नातू हवा होता. मला दोन्ही पोरं झोपाळ्यावर. झाली यादी. तीन फोटो.

घरातल्या प्रत्येकाला "तुम्हाला कुठला एक फोटो हवा?" असं आधीच विचारा आणि पाचाच्या वर यादी जाऊ देऊ नका. ती कागदावर लिहून फोटोग्राफरला आदल्या दिवशी द्या. मोबाइलवर साठवलेल्या पंचवीस पोझा दाखवायला गेलात तर पहिल्या चार पोझांतच पोर संपतं आणि आज्जीचा फोटो राहून जातो. आणि तो राहिलेला फोटो पुढची दहा वर्षं ऐकवला जातो.

वेळ मुलाच्या झोपेवर ठरते

एक आठवडा कॅलेंडरवर खुणा करा: लेकरू कधी उठतं, कधी खातं, कधी झोपतं. दिवसातून एकदाच, दुपारी झोपणाऱ्या मुलासाठी झोपून उठल्यावरचा दुसरा तास सोन्याचा. उठल्याउठल्या मुलं आंबट चेहऱ्यानं बसतात, त्यामुळे अर्धा तास खाणं आणि रेंगाळणं धरूनच ठेवा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर सकाळची अंघोळ, दूध, छोटी झोप आणि मग फोटो.

आता यावर उजेड बसवायचा. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. मे महिन्यात उगवतो सहाला, मावळतो सातच्या आसपास. मावळतीआधीचा दीड तास उजेड मऊ असतो, म्हणजे थंडीत साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच. सकाळी उगवल्यानंतरचे दोन तासही तसेच, पण बेळगावची डिसेंबर-जानेवारीतली सकाळ धुक्याची आणि बोचरी. नाकं लाल होतात, वाहतात, आणि प्रत्येक फोटोआधी कुणीतरी रुमाल घेऊन धावतं. थंडीत मी संध्याकाळच धरते. अकरा ते साडेतीन मात्र उघड्यावर नकोच. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि सगळेच आजारातून उठल्यासारखे दिसतात.

झोप आणि उजेड जुळत नसतील तर? झोपेला मान द्या. वाईट उजेडावर सावलीची जागा शोधून मार्ग निघतो, अर्धवट झोपेतून उठवलेल्या मुलावर निघत नाही. आमचा एप्रिल आठवा.

गाडीतली झोप हा वेगळाच घोटाळा. पंधरा-वीस मिनिटांच्या वर प्रवास असेल तर मूल वाटेत हमखास डुलकी काढतं. निपाणीहून बेळगावला येऊन फोटो काढायचा म्हणजे सत्तरेक किलोमीटर. अशा वेळी सकाळीच यावं, पाहुण्यांकडे जेवावं, पोराला तिथं झोपवावं आणि मग चारला बाहेर पडावं.

तारीख ठरवताना आणखी दोन-तीन गोष्टी बघा. बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी असतात, पुढे नऊ महिन्यांची. लसीनंतर दोन दिवस अंग कसकसतं, तेवढे सोडा. लग्नसराईत, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर आणि एप्रिल-मेमधे, चांगले फोटोग्राफर मिळत नाहीत. मिळाले तर दमलेले असतात. शहरात १ नोव्हेंबरला तर काही आखूच नका. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी, मधे बंदोबस्त. तान्ह्या बाळाला घेऊन त्यात अडकलात तर दूधसुद्धा गरम करता येत नाही. आणि पर्यायी तारीख पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. मुलं आजारी पडतात ती बरोबर आदल्या रात्री.

जागा: आधी स्वतःचं घर बघा

माझं स्पष्ट मत आहे की तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर पहिलं फोटोसेशन घरीच करावं. कौलारू घराचा सोपा म्हणजे फुकटचा स्टुडिओ. दार सताड उघडायचं, आतला दिवा बंद करायचा आणि दारापासून चार-पाच फुटांवर, उजेडाकडे तोंड करून सगळ्यांना बसवायचं. आतला पिवळा दिवा चालू राहिला तर अर्धा चेहरा हळद लागल्यासारखा येतो. फ्लॅट असेल तर सर्वांत मोठ्या खिडकीजवळ पलंग ओढा. परडं असेल तर तिथला तुळशी कट्टा, चुलीवर तापणारं पाणी, कोंबड्यांमागे धावणारं पोर हे सगळं कुठल्याही पडद्यापेक्षा चांगलं. पावसाळ्यात, जांबोटी-कणकुंबीकडे तर चार महिने, सोपा हीच एकमेव खात्रीची जागा. ढगाळ दिवसाचा उजेड चेहऱ्याला छान असतो. पाऊस लागला म्हणून रद्द करू नका.

बाहेरच जायचं असेल तर जागेला चार प्रश्न विचारा. सावली आहे का? गाडीपासून किती चालायचं? बाळाला पाजायला आडोसा आणि जवळपास स्वच्छतागृह आहे का? पोर सुटलं तर किती लांब धावू शकतं? चौथा सर्वांत महत्त्वाचा.

या हिशेबानं टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो शहरात पहिला. मोठी झाडं, मोकळी जागा, वाहनांची वर्दळ कमी. फक्त झाडाच्या मधोमध उभं राहू नका. पानांतून गळलेले उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर पडतात आणि मूल बिबट्यासारखं दिसतं. सावलीच्या काठावर उभं राहायचं, आत सावली आणि समोर मोकळं आकाश.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. काळ्या दगडासमोर फिकट कपडे फार उठून दिसतात. पण ते जैन देवस्थान आहे आणि जतन केलेली वास्तू आहे. आधी जाऊन विचारा, पादत्राणं बाहेर काढा, नक्षीकामावर पोराला बसवू नका. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाई लावायला परवानगी लागते, हे फोटोग्राफरला माहीत आहे ना ते बघा. कॅम्पात आणि जिथं जिथं लष्कराची आवारं आहेत तिथं कॅमेरा बाहेर काढण्याआधी पाट्या वाचा. ड्रोनची हौस असेल तर सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्करी भाग लक्षात घ्या, परवानगीशिवाय उडवता येत नाही. शिवाय त्या घुंईऽऽ आवाजानं दोन वर्षांची मुलं जी घाबरतात ती घाबरतात.

राजहंसगडाला मी दोष देत नाही. थोडी मोठी, चार-पाच वर्षांची मुलं असतील तर संध्याकाळी तो सुरेखच. पण वारा अखंड असतो. साडीचा पदर, जावळ, फेटा, टोपडं, काही जागेवर राहत नाही. खानापूरच्या पुढे हलशीला भूवराह नरसिंहाचं कदंबकालीन देऊळ आहे. आवार मोकळं आणि शांत, खानापूरकरांनी याचा विचार करावा. गोकाकचा धबधबा ५२ मीटरवरून कोसळतो, पावसाळ्यात बघण्यासारखा असतो, फोटोही झकास येतात. तरी तिथं धावणारी मुलं घेऊन फोटोसेशन नको. ओला खडक, खाली दरी, आणि मोठ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे. धबधबा बघायला जा, फोटो दुसरीकडे काढा.

शिवार ही आपली खरी श्रीमंती. भाताचं रान भाद्रपदात हिरवंगार असतं आणि सुगीच्या तोंडावर पिवळं. आजोबांच्या खांद्यावर नातू आणि मागे पिकलेलं भात, यापुढे मला काही सुचत नाही. बांधावरून चालताना मुलांना पूर्ण पायघोळ विजार घाला, गवतात किडा-मुंगी असते. उसाच्या फडाच्या अगदी कडेला मात्र उभं करू नका, पात्यांनी हात चिरतात.

दिवाळीतला एक पर्याय माझ्या आवडीचा. पोरांनी अंगणात मातीचा किल्ला केलेला असतो, त्यावर अळीव उगवलेले असतात, मावळे मांडलेले असतात. त्या किल्ल्याभोवती मुलांना बसवा आणि "शिपाई कुठला कुठं ठेवलास?" एवढं विचारा. कॅमेरा आहे हे ती विसरतात.

कपडे आणि खाऊ

सगळ्यांनी एकसारखे पांढरे टी-शर्ट घालायची टूम मला आवडत नाही, बँडपथकासारखं दिसतं. आमच्याकडे पद्धत अशी की आज्जीची साडी आधी ठरते. मागच्या वेळी सासूबाईंनी शहापूरची जुनी वांगी रंगाची साडी काढली. मग त्या काठातलं पिवळं थोरल्याच्या सदऱ्याला, फिकट वांगी जावेला, बाकी सगळे दुधी आणि तपकिरी. एका फोटोत दोन-तीन रंग पुरतात. झगझगीत पोपटी किंवा भडक गुलाबी कपड्याचा रंग कडेवरच्या बाळाच्या गालावर उतरतो, ते टाळा. बारीक चौकडी मोबाइलच्या फोटोत लहरते. खानापूरच्या लाल मातीत पांढरी विजार पाच मिनिटं टिकते.

मुलीला खणाचं परकर-पोलकं, मुलाला धोतर-सदरा घालायचा तर आठवडाभर आधी एकदा घरात घालून खेळू द्या. टोचणारी जर, घट्ट नाडी, नवी कापशी चप्पल यांपायी रडारड होते. चप्पल नकोच, अनवाणी पाय फोटोत गोड दिसतात. टाचणीऐवजी टाका घाला. फेटा, टोपडं, हलव्याचे दागिने शेवटच्या पाच मिनिटांसाठी. बोरन्हाणाला काळे कपडे असतात, तेव्हा पार्श्वभूमी गडद ठेवू नका, नाहीतर काळ्यात काळं मिसळून नुसतं तोंड तरंगताना दिसतं.

खाऊ कोरडा आणि रंग न सोडणारा हवा: केळं, साधा रवा लाडू, बिस्किट. चॉकलेट नाही, लाल सरबत नाही. अगदी लहानांना शेंगदाणे आणि चिरमुरे धावताना देऊ नका, घशात अडकतात. कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा गाडीतच ठेवायचा. तो फोटो झाल्यावर द्यायचा. ही लाच आहे, मला मान्य आहे.

फोटोग्राफर ठरवताना

निवडक वीस फोटो बघून भुलू नका. "एका कुटुंबाचे, एकाच दिवसाचे सगळे फोटो दाखवा" असं म्हणा. त्यात मुलं किती, रडकी किती, मुलांच्या उंचीला बसून काढलेले किती ते बघा. जो उभ्यानंच फोटो काढतो त्याच्या फोटोंत पोरांच्या नुसत्या टाळू दिसतात. किती फोटो नीट करून मिळणार, किती दिवसांत, मूळ फाइल देणार का, पाऊस आला किंवा मूल आजारी पडलं तर आगाऊ रकमेचं काय, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. बोलण्यातलं राहत नाही. आमच्या एका फोटोग्राफरनं न विचारता धाकटीचा फोटो दुकानाच्या फलकावर लावला होता. शेजारच्या काकूंनी सांगितल्यावर आम्हाला कळलं. तेव्हापासून "मुलांचे फोटो जाहिरातीला किंवा इंटरनेटवर वापरू नयेत" हे वाक्य मी पहिल्याच निरोपात लिहिते.

महिन्याच्या आतल्या बाळाचा फोटो असेल तर आणखी कडक राहा. टोपलीत टांगलेलं, हातांवर हनुवटी टेकवलेलं बाळ दिसतं ते अनेकदा दोन फोटो जोडून केलेलं असतं; आधाराचा हात नंतर पुसतात. बाळावरून एक हात कधीही हलता कामा नये. खोली उबदार, कपडे आणि टोपली धुतलेली, हीटर लांब. कुणी बाळ वळवायला, वाकवायला लागलं तर सरळ थांबवा.

भाषेची काळजी नको. आमच्याकडे एक कन्नड बोलणारा मदतनीस पोरगा आला होता. त्यानं कॅमेऱ्यामागून "इल्ली नोडु, पुट्टा!" (इकडं बघ, बाळा!) म्हटलं आणि धाकटी त्या शब्दांनाच खदखदून हसली. पुढचा आठवडाभर ती सगळ्यांना पुट्टा म्हणत होती.

त्या वीस मिनिटांत

मोठी माणसं आधी तयार होतात आणि आधी पोहोचतात. त्यांना जागेवर बसवा, कोण कुठं ते ठरवा, चेहऱ्यावरचा उजेड बघा, दोन फोटो काढून पडताळा. या काळात मुलं लांब खेळत असावीत. सगळं जुळलं की मगच मूल त्यात सोडायचं. तिथून घड्याळ सुरू.

पहिला फोटो सगळ्यांचा. पुष्कळजण तो शेवटी ठेवतात आणि तिथंच फसतात. पाच मिनिटांत तो झाला की आज्जी-आजोबा आणि नातवंडं, मग आईवडील आणि मुलं. उरलेल्या वेळात मुलांना मोकळं सोडून द्यायचं. आजोबांना पूर्ण वेळ उभं ठेवू नका, त्यांचं काम आधी संपवून खुर्ची द्या.

आणि सर्वांत कडक नियम: मुलाशी एकानंच बोलायचं. आमच्या पहिल्या वेळी पाच दिशांनी पाचजण ओरडत होते. "हिकडं बघ की रे!" "अरे बाळा, इकडं, मामाकडं!" "टाळ्या वाजव!" पोरानं पाचही दिशांना बघितलं, कॅमेऱ्याकडे सोडून. आता एक आत्या ठरलेली असते. ती फोटोग्राफरच्या बरोबर डोक्यामागे उभी राहते आणि बाकीचे तोंड बंद ठेवून कॅमेऱ्याकडे बघतात. हे दुसरं लक्षात ठेवा, कारण मूल शेवटी हसतं त्या क्षणी निम्मे मोठे लोक मुलाकडे बघत असतात.

"हस" म्हणू नका. दात विचकलेला चेहरा मिळतो. काम द्या. "आज्जीच्या कानात गुपित सांग." "बाबांच्या खिशात काय आहे?" "भुर्रकन फुंकर मार." रडायला लागलं तर कॅमेरा खाली, कडेवर घ्या, फिरवून आणा, पाणी द्या. दोनदा प्रयत्न करूनही नाही म्हणालं तर घरी चला. मारून-मुटकून काढलेला फोटो कुणी भिंतीवर लावत नाही.

स्वतःच मोबाइलवर काढणार असाल तर

काच रुमालानं पुसा. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलानं येतात. गुडघ्यावर बसा. जवळून काढू नका, चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूम वापरा, म्हणजे कडेची माणसं पसरट दिसत नाहीत. मागचं सगळं पुसट करणारा पोर्ट्रेट मोड एकट्यासाठी ठीक आहे. घोळक्यात तो कुणाचा तरी कान पुसून टाकतो. एका वेळी दहा-बारा फोटोंची माळ काढा, चौदा जणांचे डोळे एकाच फोटोत उघडे मिळायला तेवढे लागतातच. कॅमेरा असेल तर धावत्या पोरासाठी शटर १/५०० सेकंद, बसलेल्यांसाठी १/२५०. दोन रांगांच्या घोळक्याला अ‍ॅपर्चर (भिंगाचं उघडणारं छिद्र) एफ ५.६ ते ८, नाहीतर मागची रांग पुसट येते. बाकी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, स्वयंचलित राहू द्या.

नंतर

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर तसेच पाठवले की लहान होतात. डॉक्युमेंट म्हणून मागवा, आणि एक प्रत फोनबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर ठेवा. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो १२×१८ इंचांपर्यंत बरा निघतो. पण मोबाइलचा फोटो ४:३ मापाचा आणि हा कागद ३:२ चा, म्हणजे छापताना वरचं किंवा खालचं कापलं जातं. आमच्या एका फोटोत मामंजींचा फेटा असाच गेला. डोक्यांवर मोकळी जागा ठेवूनच फोटो काढा आणि छापण्याआधी स्क्रीनवर कापलेली चौकट बघायला मागा. सोप्यात दारातून उजेड येतो तिथं चकचकीत कागद नको, मॅट घ्या. आणि फ्रेम भिंतीला चिकटवून न लावता मागे बुचाचे दोन तुकडे लावा, आपल्याकडच्या पावसात ओल धरते.

घरी आल्याआल्या सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. त्याला पाच मिनिटं लागतात आणि सगळी पोरं एका जागी शांत बसतात, म्हणून आता मी तोही फोटो यादीत धरते.

छापून आलेल्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं आणि तारीख लिहा, बॉलपेननं नको, पुढून वळ उठतो. सासूबाईंच्या लहानपणीचा एक फोटो घरात आहे. त्यातला तिसरा मुलगा त्यांच्या मते अण्णा आहे, मामंजींच्या मते शेजारच्यांचा कुणीतरी. मागे काही लिहिलेलं नाही.